मुंबईतील माध्यान्हभोजन आणि आपली जुन्नर-आंबेगावची माणसे

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत आजवर गडकोटांवर, देवस्थानांवर व थोर पुरुषांच्या चरित्रांवर पुष्कळ लेख येऊन गेले. शिवनेरीवर तर प्रतिवर्षी एखादा लेख असतोच, व तो असावा हेही योग्यच आहे. परंतु ज्या मुंबापुरीने आपल्या दोन तालुक्यांतील निम्म्याअधिक कुटुंबांच्या चुली पेटत्या ठेवल्या, त्या मुंबापुरीत आपली माणसे दुपारी काय जेवली, कोठे जेवली आणि कोणाच्या हातचे जेवली, हा विषय या पृष्ठांवर अद्यापि आलेला नाही. विषय क्षुल्लक वाटेल. तथापि पोटाचा इतिहास हा क्षुल्लक इतिहास नव्हे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आपल्या मुलखाचा व कोकणपट्टीचा संबंध प्राचीन आहे. नाणेघाटातील सातवाहनांचा शिलालेख व तेथील जकातीचा दगडी रांजण आपण शाळेच्या सहलीत पाहिलेला असतो. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी सुरू झाली, पुढल्याच वर्षी ती कल्याणपर्यंत आली, आणि जुन्या घाटवाटांना नवे प्रयोजन लाभले. जुन्नरकडील माणूस नाणेघाट अथवा माळशेज उतरून कल्याण गाठू लागला. आंबेगावच्या पश्चिम भागातील माणूस भीमाशंकराच्या कड्यावरून खांडसकडे उतरे व कर्जतची वाट धरी. पाठीवर घोंगडी, घोंगडीत चार दिवसांच्या भाकरी. कावसजी दावर यांची पहिली कापडगिरणी १८५६ साली चालू झाली. त्यानंतर गिरण्या वाढत गेल्या, व परळ, लालबाग, काळाचौकी, डिलाईल रोड या भागांत घाटावरील माणसांची दाटी झाली. काही गिरणीत लागले, काही गोदीत, काही भायखळ्याच्या भाजीमंडईत, तर काहींनी एक अगदीच निराळा धंदा पत्करला.

तो धंदा समजण्यासाठी त्या काळचा आचार ध्यानी घ्यावयास हवा. शहरात इंग्रजांच्या कोटात, म्हणजे आजच्या फोर्ट भागात, पेढ्या व कचेऱ्या होत्या. घरे मात्र गिरगाव, भुलेश्वर, पुढे दादर अशी दूर दूर होती. कचेरीतील कारकुनाने दुपारी जेवावे कोठे? परक्याच्या हातचे पाणी घेणेही निषिद्ध मानणारा तो समाज होता. आचाराचे बंधन किती कडक होते, याचा दाखला पुण्यातच आहे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली, आणि त्यावरून जे ग्रामण्य उभे राहिले त्यात रानडे व टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वाटेने जावे लागले. एका पेल्याची ही कथा! तेथे रोजच्या जेवणाची काय वाट?

आणि योग असा की, त्याच १८९० साली मुंबईत महादू हावजी बच्चे यांनी घरचे जेवण डब्यातून कचेरीत पोहोचविण्याचा व्यवसाय संघटित केला, असे डबेवाल्यांच्या परंपरेत सांगितले जाते. कोटातील एका पारशी गृहस्थाचा डबा हे त्याचे निमित्त मानतात. म्हणजे पुण्यात ज्या सोवळ्याने पंचाईत केली, त्याच सोवळ्याने मुंबईत आपल्या माणसांना रोजगार दिला. खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ, मुळशी, अकोले या डोंगराळ तालुक्यांतील माणसे या धंद्यात भरली. चालण्याची सवय होती, ओझ्याची सवय होती, आणि पावसाळी शेतीवर वर्षाचे पोट भरत नव्हते.

या धंद्याची रीत अनेकांनी वर्णिली आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. सकाळी घरोघरचे डबे गोळा करावयाचे, जवळच्या स्थानकावर आणून वाटणी करावयाची, लांबट लाकडी खोक्यात तीस-चाळीस डबे रचून ते डोक्यावर घ्यावयाचे, लोकलच्या मालडब्यातून कोटात न्यावयाचे, पुन्हा वाटणी, आणि साडेबारा-एकच्या सुमारास ज्याचा डबा त्याच्या मेजावर. रिकामा डबा त्याच वाटेने परत. अक्षरओळख नसलेल्यांसाठी आरंभी रंगीत दोरे व चिंध्या बांधीत, पुढे झाकणावर रंगाने खुणा व अक्षरे आली. १९५६ साली नूतन मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स चॅरिटी ट्रस्ट या नावाने नोंदणी झाली. भरभराटीच्या काळी सुमारे पाच हजार माणसे रोज दोन लाखांच्या आसपास डबे वाहत, असा आकडा सर्वत्र दिला जाई. २००३ साली इंग्लंडचे युवराज चार्ल्स यांनी चर्चगेटला येऊन या मंडळींची भेट घेतली, आणि त्यानंतर व्यवस्थापनशास्त्राच्या पंडितांची रीघ लागली. त्या कौतुकात मला एकच उणे दिसते. साहेबाचा डबा किती वेळेवर पोहोचला हे सर्वांनी मोजले. पोहोचविणारा माणूस स्वतः केव्हा जेवला, हे फारसे कोणी विचारले नाही. तो सर्वांच्या मागून, पदपथाच्या कडेला अथवा फलाटावर बसून, आपल्या फडक्यातील भाकरी खाई. चैत्रात गावची जत्रा आली म्हणजे मात्र आठवडाभर धंदा बंद. हा शिरस्ता मोठमोठ्या कचेऱ्यांनाही मान्य करावा लागला.

डबा हे घरवाल्याचे जेवण. ज्याचे घर गावाकडे, ज्याची कारभारीण शेतावर, त्याला डबा कोठला? गिरणीतील आपले बहुसंख्य लोक असेच एकटे राहणारे. एका गावची दहा-पंधरा माणसे मिळून ‘गावकीची खोली’ धरीत. पाळ्या वेगळ्या असल्याने एक कामावर गेला की त्याच्या जागी दुसरा निजे. या माणसांना जेऊ घालणारी जी संस्था, ती खाणावळ. आणि खाणावळ म्हटली की आज डोळ्यांपुढे पाटी, गल्ला, टेबले येतात, तसले तेथे काही नसे. चाळीतील दहा बाय बाराची खोली, कोपऱ्यात मोरी, भिंतीशी चूल किंवा पुढे स्टो, आणि खोलीची मालकीण हीच आचारी, वाढपी व हिशेबनीस. नवरा बहुधा गिरणीतच असे. कित्येकींचा तोही नसे, आणि वैधव्यात खाणावळ हाच एक मानाचा आधार होता.

माझी एक चुलती काळाचौकीच्या एका चाळीत अशी खाणावळ चालवीत असे. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे जाई, आणि चार यत्ता अधिक शिकलेला म्हणून तिची वही लिहिण्याचे काम माझ्याकडे येई. जेवणाऱ्यास ‘मेंबर’ म्हणत. तिचे वीस-बावीस मेंबर होते. पहिल्या पाळीच्या माणसाचा डबा पहाटेच बांधावयाचा, दुसऱ्या पाळीच्या माणसाला दुपारी पानावर वाढावयाचे, रातपाळीचा सकाळी येऊन जेवून निजावयाचा. पंगत सहाजणांची, कारण सातवा बसला तर दार उघडत नसे. बाजरीची भाकरी, कालवण, भात, आमटी, लसणाची चटणी. रविवारी मटण असे, व त्या दिवशी खाडा कोणी करीत नसे. खाडा म्हणजे न जेवल्याचा दिवस, त्याचे पैसे वजा. वहीत सर्वाधिक वाद या खाड्यांवरून होत. चुलतीला अक्षर येत नव्हते, पण मी चुकीचा खाडा मांडला की तिला तत्काळ समजे. कोण मेंबर कोणत्या तिथीला गावी गेला, हे तिच्या मनात कोरलेले असे. सणासुदीला ती मासवडी करी. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरे, लसूण भरून वळलेली ती वडी व तिचा झणझणीत रस्सा. आज मंचर-नारायणगावच्या हमरस्त्यावरील हॉटेले तिची मोठी जाहिरात करतात. वीस माणसांना ती एका स्टोवर करून घालणे काय असते, हे पाहिलेल्यासच ठाऊक.

पैसे महिन्याच्या पगारावर. तोवर वाणसामान उधार, आणि उधारी वाण्याकडे नाही तर सावकाराकडे. व्याज जबर असे, गळ्यातील डोरले गहाण पडत असे. म्हणजे मुंबईच्या कापडधंद्याला लागणारे खेळते भांडवल एका अर्थी या बायकांच्या डोरल्यांतून उभे राहत होते, असे मी म्हणतो. अर्थशास्त्रज्ञांस हे विधान धाडसाचे वाटल्यास त्यांनी खुशाल वाद घालावा.

शहरात खाण्याची इतर स्थाने अनेक होती. लोकमान्यांनी १९२० साली जेथे देह ठेवला ते सरदारगृह, गिरगावात खोताच्या वाडीतील अनंताश्रम, दादरचे मामा काणे यांचे १९१० सालचे उपाहारगृह, माटुंग्यास १९४२ साली रामा नायक यांनी काढलेले उडुपी बोर्डिंग, ही नावे जुन्या मुंबईकरांच्या तोंडी असत. पांढरपेशांचा भरणा तेथे अधिक. आपला गिरणीकामगार त्यांची पायरी क्वचितच चढला. त्याला जवळचा वाटे तो इराणी. धोबीतलावचे कयानी १९०४ सालचे, बॅलार्ड इस्टेटीतील ब्रिटानिया १९२३ सालचे; परंतु तसली लहानमोठी दुकाने नाक्यानाक्यावर होती. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाची खुर्ची, ब्रून मस्का आणि चहा. नाक्यावरची जागा इतर व्यापारी अशुभ मानीत, म्हणून ती इराण्यांना मिळाली, असे म्हणतात. जात विचारण्याची इराण्यास गरज वाटत नसे, आणि त्यामुळे पुष्कळांनी आयुष्यात प्रथमच अनोळखी माणसाच्या शेजारी बसून काही खाल्ले ते त्याच्याकडे.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. काही वडीलधाऱ्यांना ती रुचणार नाही, पण स्मरणिका ही केवळ स्तुतिपाठासाठी नसते. आपल्या ज्ञातीच्या खाणावळी आपल्यांसाठी होत्या, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याचा दुसरा अर्थ, त्या इतरांसाठी नव्हत्या. त्याच गिरणीत, त्याच भोंग्यावर येणारा दलित कामगार आमच्या चुलतीच्या पंगतीस बसू शकत नव्हता. तो तसे विचारीतही नसे, इतके ते ठरलेले होते. गिरणीत तर विणकाम खात्याचे दारच त्याला बंद होते. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, आणि विटाळाचे कारण पुढे करून अधिक पगाराचे ते काम त्याला मिळू दिले जात नसे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघड मांडला. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांचा शब्दशः उल्लेख करावा लागला, आणि १९५५ साली अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा झाला. जगातील थोड्याच राज्यघटनांत हॉटेलाचे नाव आले असेल. ते का आले, याचे उत्तर आपल्याच पंगतींत होते. चुलतीला मी याविषयी एकदा विचारले होते. ती म्हणाली, “मी वाढलं असतं रे, पण बाकीचे मेंबर उठले असते.” हे उत्तर पुरेसे नाही, पण खोटेही नाही.

खाणावळवाल्या बायकांची दखल प्रथम घेतली ती प्रेमा पुरव यांनी. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झालेले होते. त्या बँकांनी खाणावळवालीस कर्ज द्यावे, यासाठी त्यांनी बायकांचे गट बांधले, एकीने दुसरीची हमी घ्यावी अशी रीत घातली. डोरले सावकाराच्या पेटीतून सुटले. २००२ साली प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्या भागातही ज्यांना ते नाव माहीत होते अशा म्हाताऱ्या होत्या.

मग आला १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. त्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी मालक, पुढारी, सरकार सर्वांविषयी लिहिले. खाणावळवालीचा संप मात्र झाला नाही. मेंबरांचा पगार थांबला, भूक थांबली नाही. पहिले दोन-तीन महिने चुलतीने वही तशीच चालू ठेवली. पुढे मेंबर एकेक करून घाट चढून गावी परतले, आणि वहीतील आकडे वहीतच राहिले. काहींनी ते फेडले. घोडेगावच्या पश्चिमेकडील एका मेंबराने दोन सुग्या तिच्या गावच्या घरी भाताचे पोते आणून टाकले, पैसे म्हणून नव्हे, ‘खाड्याचे’ म्हणून. बहुतेकांना फेडणे शक्य झाले नाही, व तिने कोणाकडे मागितलेही नाही. ती वही आज माझ्याजवळ आहे.

त्यानंतर जेवण स्वस्त करण्याचे प्रयत्न सरकारनेही केले. १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर निघाली, २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू झाली. दरम्यान गिरण्यांच्या जागी उंच मनोरे उभे राहिले, भायखळ्याचा घाऊक भाजीबाजार वाशीला गेला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने लोकल थांबल्या आणि डबेही थांबले. कचेऱ्या पुन्हा उघडल्या तेव्हा पुष्कळ कारकून घरूनच काम करू लागले होते. आपल्या गावांतील कित्येक डबेवाले परत गेलेच नाहीत. कोणी टोमॅटोची शेती करतो, कोणी आळेफाट्यावर हॉटेलात आहे.

आपल्या संस्थेच्या दप्तरात देणगीदारांची यादी आहे, पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे आहेत. ज्या खाणावळवालीच्या हातचे जेवून त्या देणगीदारांचे वडील मुंबईत टिकले, तिचे नाव एकाही पानावर नाही. म्हणून सभासद कुटुंबांस विनंती आहे की, आपल्या घरातील ज्या कोणी आजी, चुलती, आत्या मुंबईस खाणावळ चालवीत होत्या, त्यांचे नाव, माहेर व सासरचे गाव, चाळ, अंदाजे वर्षे आणि मेंबरांची संख्या एवढे कागदावर लिहून दिवाळीपूर्वी कार्यालयात द्यावे. जुनी वही असल्यास टाकू नये. तीही आणावी, पाहून परत केली जाईल. माझ्या चुलतीच्या वहीतील बावीस मेंबरांपैकी सतरा जणांची गावे मी लावली आहेत. उरलेल्या पाच जणांपुढे तिने केवळ ‘ओतूरकर’, ‘धाकटा’, ‘रातपाळी’ अशा खुणा सांगितल्या होत्या, व मी तशाच लिहिल्या.