छतावरचा प्लंबर

आमच्या जिन्याच्या खोलीत दर पावसाळ्यात एकाच जागी ओल उमटते. गच्चीचा कठडा बाहेरून त्या खोलीच्या उंच भिंतीला जिथे येऊन भिडतो, नेमकी त्याच्या खाली. पहिल्यांदा बोलावला तो प्लंबर. त्याने भिंतीला हात लावला, टाकी बघितली आणि म्हणाला, "नळाचं नाही हे पाणी, पावसाचं आहे. गवंड्याला बोलवा." आणि जिना उतरून गेला.

गंमत अशी, की त्याच्या धंद्यातले जुने लोक असल्याच जागी बसून पोट भरत. लॅटिनमध्ये शिसं म्हणजे प्लंबम, आणि शिशाचं काम करणारा तो प्लंबारियस. रोमन लोक शिशाच्या नळ्या बनवत, पण पुढे युरोपात या कारागिराला मोठं काम मिळालं ते चर्चच्या छपरांवर. इंग्लंडच्या लिंडिसफार्न बेटावरचं चर्च आधी बोरूने शाकारलेलं होतं. सातव्या शतकाच्या अखेरीस एडबर्ट नावाच्या बिशपने तो शाकार उतरवून छप्परच नव्हे तर भिंतीही शिशाच्या पत्र्याने मढवल्या, असं बीड या इतिहासकाराने नोंदवलं आहे. लंडनच्या प्लंबरांच्या संघाला 1365 मध्ये नियमावली मिळाली, 1611 मध्ये राजाची सनद.

असल्या सांध्यावर शिसंच का? कठडा आणि उंच भिंत एकाच महिन्यात बांधलेली असली तरी त्यांचं वागणं एक नसतं. भिंत जड, ती जास्त बसते. कठडा बारीक, दोन्ही अंगांनी उघडा, तो लवकर तापतो आणि लवकर निवतो. सांध्यात चुना भरा की सिमेंट, तिथे केसाएवढी भेग पडतेच. त्यात वरच्या अख्ख्या भिंतीवरून ओघळणारं पाणी नेमकं तिथेच येऊन टेकतं. शिसं मऊ, ते हाताने वळतं आणि हवापाण्याने सहसा गंजत नाही.

पद्धत साधी. विटांमधला सांधा इंचभर खरवडायचा, शिशाच्या पट्टीची वरची कड त्या खाचेत सारायची, शिशाच्याच गुंडाळ्यांच्या पाचरी ठोकायच्या आणि खाच लिंपायची. खालची कड मात्र मोकळी सोडायची. भिंत हलली तर पट्टी तिच्याबरोबर सरकते, खालच्याला ओढत नाही. कौलावर कौल चढवतो त्यातलाच हा प्रकार. एक तुकडा दीड मीटरहून लांब ठेवत नाहीत, कारण उन्हात शिसं फार ताणतं आणि वर्षानुवर्षांच्या ताण-आकसाने फाटतं.

कठड्याच्या माथ्यावर सरळ पट्टी चालत नाही. तिथे एकच तुकडा कठड्याच्या दोन्ही अंगांना खाली आणि मागे भिंतीवर वर वळवावा लागतो. इंग्रज कारागीर त्याला सॅडल म्हणतात, म्हणजे खोगीर. हे खोगीर न कापता घडवायचं असतं. लाकडी थापीने हलके हलके ठोकत, जिथे धातू जास्त आहे तिथून जिथे कमी पडतो तिकडे तो सरकवत न्यायचा. घाई केली की कोपऱ्यात पत्रा पातळ होतो आणि चिरतो. माझ्या मते सगळी कारागिरी त्या कोपऱ्यात आहे, बाकी नुसती मजुरी.

इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने 1536 पासून मठ बंद केले, तेव्हा बऱ्याच ठिकाणी छपरांचं शिसं उतरवून वितळवलं गेलं. तिथे मठ पाडायचे कष्ट फारसे उरले नाहीत. बरंचसं काम पावसाने केलं. शिशाच्या नळ्याही हा छपरावरचा प्लंबरच बसवी. घरोघरी नळ आले तसा तो छतावरून मोरीत उतरला. पुढे नळ्यांतलं शिसंही गेलं, नाव तेवढं राहिलं.

आमच्या गवंड्याचा भरवसा वाट्यावर. गच्ची आणि कठडा यांच्या काटकोनात सिमेंटचा गोलवा देतात तो वाटा. तिथे तो उत्तमच, पाणी कोपऱ्यात थांबत नाही. पण कठड्याच्या माथ्यावरच्या भेगेवर त्याने दोनदा वाटा मारला आणि दोन्ही वेळा पुढच्या मे महिन्यात त्याच रेषेत तो फुटला. तिसऱ्यांदा मी हट्ट धरला. ग्राइंडरने भिंतीत खाच पाडली, ॲल्युमिनियमचा पत्रा त्याने गुडघ्यावर वाकवला, वरची कड आत सारून सीलंट भरलं. ॲल्युमिनियम ठोकून शिशासारखं सरकत नाही, म्हणून कोपरे कापून दुमडावे लागले. मग तो खालची कडही सिमेंटमध्ये गाडायला निघाला. मी थांबवलं.

"मोकळी ठेवली तर वाऱ्याने वाजेल," तो म्हणाला.

वाजते खरी, रात्री वारा सुटला की.