नावावरून ठिकाणाकडे : इंटरनेटच्या पत्त्याची कथा



परीक्षेचा निकाल, प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्ती, यांपैकी बहुतेक कामे आता इंटरनेटवरच करावी लागतात. आपण एखादे नाव टाइप करतो आणि क्षणात पान समोर येते. ते कोठून आले, त्याचा पत्ता कोणी सांगितला, हे मात्र आपण सहसा विचारत नाही. हा इतिहास केवळ माहितीसाठी नव्हे, तर फसवणुकीपासून सावध राहण्यासाठीही जाणून घेतला पाहिजे.

२९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिस येथील विद्यापीठातून एका विद्यार्थ्याने स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाला ‘लॉगिन’ हा शब्द पाठवण्याचा प्रयत्न केला. पहिली दोनच अक्षरे पोहोचली आणि यंत्रणा बंद पडली! सुमारे तासाभराने पूर्ण शब्द गेला. ‘आर्पानेट’ नावाच्या जाळ्यावरील हा पहिला संदेश होय. अमेरिकेत पॉल बॅरन व ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे मांडलेली कल्पना त्यामागे होती. ती अशी की, संदेश सलग न पाठवता त्याचे लहान लहान तुकडे करावेत, प्रत्येकावर पत्ता घालावा, एक वाट बंद असेल तर दुसऱ्या वाटेने न्यावेत आणि मुक्कामी पुन्हा जोडावेत. आजचे इंटरनेटही याच रीतीने चालते.

संगणकाचा पत्ता म्हणजे एक क्रमांक. माणसाला मात्र नाव लक्षात ठेवणे सोपे. म्हणून कोणत्या नावाचा कोणता क्रमांक, याची एक यादी ठेवली जाई. एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ती स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत सांभाळत. नवा संगणक जोडला की त्यांना कळवायचे आणि इतरांनी यादीची नवी प्रत आणायची, असा शिरस्ता होता. संगणक वाढले तशी एकाच ठिकाणची यादी अपुरी पडू लागली. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी त्यावर उपाय सुचवला. संपूर्ण यादी एकाने न ठेवता ज्याने त्याने आपापला भाग सांभाळावा, हा तो उपाय.

ही व्यवस्था नाव उजवीकडून वाचते. समजा, नावाच्या शेवटी ‘डॉट गव्ह डॉट इन’ आहे. प्रथम मूळ नोंदीत विचारायचे, ‘इन’ची, म्हणजे भारताची, नोंद कोणाकडे? तेथे गेल्यावर ‘गव्ह’ची चौकशी करायची आणि मग त्या विशिष्ट कार्यालयाची. ‘डॉट गव्ह डॉट इन’ हा शेवट भारतातील सरकारी संस्थांनाच मिळतो. परंतु नावाच्या आरंभी ‘गव्ह’ किंवा ‘स्कॉलरशिप’ असे शब्द कोणीही घालू शकतो. म्हणून पत्त्यातील नाव जेथे संपते, त्या पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपर्यंत जावे आणि तेथून मागे वाचावे. खरा मालक तेथे कळतो.

नाव ठाऊक नसेल तर? १९९० मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात बार्बाडोसहून शिकायला आलेल्या अ‍ॅलन एमटाज यांनी ‘आर्ची’ हे फाइली शोधण्याचे साधन तयार केले. टिम बर्नर्स-ली यांचे ‘वर्ल्ड वाइड वेब’ १९९१ मध्ये सर्वांपुढे आले आणि पाने झपाट्याने वाढली. १९९४ मध्ये ‘याहू’ने संकेतस्थळांची विषयवार यादी माणसांकरवी सुरू केली. १९९८ मध्ये लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी ‘गूगल’ कंपनी स्थापन केली. ज्या पानाकडे इतर महत्त्वाची पाने बोट दाखवतात ते वर ठेवावे, हे त्यांचे मूळ सूत्र. शोधयंत्र आपण विचारल्यावर जग धुंडाळत नाही. पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची त्याने आधीच करून ठेवलेली असते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. वर दिसणे म्हणजे खरे असणे नव्हे. कित्येकदा सर्वांत वरचे पान पैसे भरून दिलेली जाहिरात असते.

आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. समुद्राखालून परदेशी जाणाऱ्या अनेक तारा मुंबईच्या किनाऱ्यावर येतात. २०१४ पासून ‘डॉट भारत’ या शेवटासह देवनागरीतही नाव नोंदवता येते.

पालकहो, मूल अर्ज भरत असताना क्षणभर त्याच्या शेजारी बसा. इंग्रजी येत नसले तरी नावाचा शेवट अक्षर अक्षर जुळवून पाहता येतो. आणि विद्यार्थी मित्रांनो, शुल्क किंवा गुप्त शब्द देण्यापूर्वी तो शेवट आई-वडिलांना वाचून दाखवा. पत्ता सांगण्याचे काम यंत्र करील. पण दार कोणाचे आहे हे पाहूनच आत पाऊल टाकायचे, हे काम आपले आहे.