जन्मभराची भाकरी

श्रोतेहो, आज एका गमतीच्या प्रश्नापासून सुरुवात करू. उद्यापासून जन्मभर एकच पदार्थ खावयाचा, आणि तोही हातात धरून खाता येईल असा, असे कोणी बजावले तर तुम्ही काय निवडाल? शहरातला मुलगा सँडविच म्हणेल. मुंबईचा नोकरदार वडापाव म्हणेल. आपल्या कन्नडच्या मुलखात मात्र पिढ्यान् पिढ्या या प्रश्नाचे उत्तर रोज सकाळी चुलीपुढे दिले गेले. ते उत्तर म्हणजे भाकरी आणि तिच्या पोटातला ठेचा. हे उत्तर कसे ठरले आणि पुढे ते कसे बदलले, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आधी सँडविचची हकीकत ऐका. अठराव्या शतकात इंग्लंडात जॉन माँटेग्यू नावाचे एक सरदार होते. सँडविच या गावाच्या नावाची सरदारकी त्यांच्या घराण्यात होती. पत्त्यांचा डाव सोडून उठायला नको, म्हणून ते पावाच्या दोन कापांत मांस घालून मागवीत, अशी कथा सांगतात. कोणी म्हणतात, डाव नव्हे, कचेरीचे काम. ते काहीही असो, १७६२ साली एडवर्ड गिबन या इतिहासकाराच्या रोजनिशीत हा शब्द आलेला आहे. कल्पना एवढीच, की जेवणासाठी हातातले काम मोडू नये.

आता आपल्याकडे बघा. चांगली थापलेली भाकरी तव्यावरून विस्तवाकडे गेली की टम्म फुगते आणि तिचा पापुद्रा सुटतो. तो उचलून आत हिरव्या मिरचीचा ठेचा आणि तेलाचे चार थेंब घातले की झाले. नाही तर दोन भाकरींच्या मध्ये कोरडा झुणका ठेवायचा आणि फडक्यात बांधून बांधावर न्यायचा. ताट नको, वाटी नको. औत सोडून झाडाखाली बसले, कांदा बुक्कीने फोडला, की जेवण तयार. आमच्या शेतकऱ्याला ही सोय शिकवायला कोणी सरदार यावा लागला नाही.

पण हा घास ‘बापजाद्यांपासूनचा’ म्हणताना जरा जपून बोलावे लागते. ज्वारी मूळची आफ्रिकेची. पूर्व सुदानात सुमारे ५,००० वर्षांपूर्वी ती पेरली जात होती, असे तिथल्या उत्खननांवरून दिसते. पुढे ती भारतात आली आणि दख्खनच्या काळ्या मातीत घरच्यासारखी रुजली. मिरची तर फारच अलीकडची पाहुणी. ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीज दर्यावर्दी इकडे आल्यावर, सोळाव्या शतकात, ती आपल्याकडे पोहोचली. ठेच्यातला भुईमूगही त्याच खंडातला. आपल्या तालुक्यातली पितळखोऱ्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून खोदली गेली. पैठणच्या दात्यांची नावे तिथल्या शिलालेखांत आहेत. ती मंडळी डोंगर चढून आली तेव्हा त्यांच्या शिदोरीत काय होते ते असो, पण मिरचीचा ठेचा खास नव्हता!

म्हणजे आपल्या वाडवडिलांनी परका दाणा घेतला, परके तिखट घेतले आणि त्यांचा स्वतःचा घास केला. ही निवड त्यांनी नुसत्या जिभेने केली नाही. ज्वारीला पाणी बेताचे लागते. रब्बीची ज्वारी तर काळ्या जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर निभावून नेते. तिचा दाणा माणसाला आणि कडबा गुराला, असे एका पेरणीत दोन्ही पोटांचे भागते. उरलेला दाणा पेवात, बळदात, कणगीत साठवावयाचा. हलक्या रानात बाजरी, भारी रानात ज्वारी, अशी सरळ वाटणी असे. आपला घाट उतरला की खानदेश लागतो. त्या खानदेशात मुख्य पीक ज्वारीचे, अशी नोंद अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त केली आहे. गव्हाची पोळी मात्र सणाची. पोळ्याला, होळीला, किंवा जावई आला तर. पोळी म्हणजे पाहुणी आणि भाकरी म्हणजे घरची लेक, असा तो संसार होता.

हा संसार मोडायला फार काळ लागला नाही. १९६४ साली ज्वारीचे पहिले संकरित वाण शेतकऱ्यांच्या हाती आले. उत्पन्न वाढले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ताट बुटके, म्हणून कडबा कमी. आणि दाणे भरताना पाऊस लागला की खरिपाची कणसे काळी पडत. जुन्या माणसांना त्या ‘हायब्रीड’ची भाकरी रुचेना.

मग १९७२ चा दुष्काळ आला. मराठवाड्यातली हजारो माणसे खडी फोडायला आणि तलावांवर माती वाहायला गेली. त्या अनुभवातून रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. त्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेहून आलेला तांबडा मिलो मिळे. आता गंमत अशी, की मिलो ही ज्वारीच! आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेली बहीण दुष्काळात आमच्या दारी आली. पण तिची भाकरी लोकांनी नाइलाजाने खाल्ली. दाण्याचे कूळ तेच, तरीही तो घास आपला वाटला नाही. निवडलेला घास आणि वाट्याला आलेला घास यांतला फरक त्या पिढीला नीट कळला.

पुढे सस्ता गहू-तांदूळ गावोगाव पोहोचला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असे दर होते. २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. कायद्यात भरड धान्य आहे, पण पिशवीत मुख्यतः गहू-तांदूळच पडत आले. याने भूक टळली, ही लहान गोष्ट नव्हे. पण फुकटच्या गव्हापुढे विकतची ज्वारी कोण घेणार? रानात कापूस, मका आणि अद्रक आले, कारण हाती रोकड पाहिजे. बैल घटले, तशी कडब्याची गरजही घटली. राज्य झाले तेव्हा, १९६०-६१ साली, महाराष्ट्रात ज्वारीखाली सुमारे ६० लाख हेक्टर जमीन होती. आज ती निम्म्याहूनही पुष्कळ कमी आहे.

आणि एक गोष्ट बायाबापड्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. गरम पाण्यात मळा, एकेक थापा, धुरात भाजा, आणि शिळी झाली की ती कडक. दिवसभर निंदणी-खुरपणी करून आलेल्या बाईने चपातीचा सोपा मार्ग धरला, तर तिला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? भाकरीचे गोडवे गाणाऱ्या पुरुषांनी एकदा परातीपुढे बसून पाहावे.

तरीही आपल्या मनातली निवड पुसली गेलेली नाही. १९९५ साली राज्य सरकारने गरिबाला एक रुपयात जेवण द्यावयाचे ठरविले तेव्हा त्या केंद्रांना नाव मिळाले झुणका-भाकरीचे. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले. शहरांतल्या हॉटेलांत भाकरीला आता चांगला भाव येतो. परिणाम असा, की सणाची पोळी रोजची झाली आणि रोजची भाकरी हौसेची. ज्याने ती पिकवली त्यालाच ती विकत घ्यावी लागते, ही खरी रुखरुख आहे.

तेव्हा पहिल्या प्रश्नाकडे वळू. जन्मभर काय खावे, हे एकटी जीभ ठरवीत नाही. रान, पाऊस, गोठा, रेशनचे दुकान आणि चुलीपुढचे हात मिळून ठरवितात. आपल्या वाडवडिलांनी परका दाणा आपला केला, तसा आपणही गहू केला, यात पाप नाही. मात्र ज्वारीचे घरचे बियाणे संपले आणि भाकरी थापणारा हात मोडला, की मग निवड करावयाचे कामच उरत नाही. गुरुजींनी वर्गात मुलांना सांगावे, की आजी-आजोबांच्या लहानपणी घरात काय पिकत होते आणि काय शिजत होते ते विचारून वहीत लिहून आणा. आणि शेतकरी बंधूंनी मका-कापसाच्या कडेला घरापुरत्या चार सऱ्या ज्वारीच्या ठेवाव्यात. पुढच्या पिढीने चपाती खावी की भाकरी, ते तिचे ती ठरवील. तिला ठरविता येईल एवढे बी आणि एवढी कला आपण मागे ठेवली, म्हणजे झाले.