जोर कोणाचा?

पिंप्राळ्याचं रेल्वे गेट बंद झालं की मी मोबाइल काढायचो. कॉलेजच्या दिवसांतली गोष्ट. मालगाडी आणि तिच्या पाठोपाठ एक्सप्रेस असली, तर तीन-तीन मिनिटांचा आख्खा डाव व्हायचा. माझा खेळ ठरलेला: लवकरात लवकर घोडा मारायला द्यायचा, समोरच्या राजाला उघडं पाडायचं आणि शह देत सुटायचं. पुढे नोकरी लागली, पुण्यात आलो, कोड लिहू लागलो. रेटिंग मात्र 1500 च्या आसपासच घुटमळत राहिलं.

माझं लाडकं हत्यार म्हणजे कॉक्रेन गॅम्बिट. पेट्रॉफ बचावात चौथ्याच चालीला पांढरा आपला घोडा काळ्या राजाच्या उंटापुढच्या प्याद्यावर घालतो. राजा तो मारतो. घोड्याच्या बदल्यात मिळतात दोन प्यादी आणि घरातून बाहेर ओढलेला राजा. तीन मिनिटांच्या डावात समोरचा गडबडतो, म्हणून हे चालतं. न गडबडणारा भेटला की आपण एक घोडा कमी घेऊन बसलेले असतो.

हा कॉक्रेन कोण, म्हणून शोधायला गेलो. जॉन कॉक्रेन हा स्कॉटिश बॅरिस्टर, कोलकात्यात वकिली करायचा. या गॅम्बिटचा पहिला नोंदलेला डाव 1848 चा, कोलकात्यातला. समोर होता मोहेशचंद्र बॅनर्जी, शहराबाहेरच्या गावातला ब्राह्मण, देशी नियमांत तयार झालेला. म्हणजे मी रात्री दोन वाजता अंगठ्याने जो घोडा फेकतो, तो पहिल्यांदा आपल्याच एका माणसावर फेकला गेला होता!

देशी बुद्धिबळात प्यादं बहुतेक ठिकाणी पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी शह बसलेला नसेल तर राजा एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारू शकायचा. त्यामुळे सुरुवात संथ असायची. मोहेशचंद्र विलायती नियमांनी खेळतानाही प्यादी एकेक घरच पुढे करायचा आणि उंट कोपऱ्यातून लांबवर नेम धरून बसवायचा. त्याच्यासारख्यांच्या डावांवरूनच ‘इंडियन डिफेन्स’ हे नाव आलं. माझ्या हल्ल्यांना सगळ्यात जास्त धूळ चारणारा किंग्ज इंडियन हा त्याच घराण्यातला. हे कळल्यावर मला जरा लाज वाटली आणि जरा अभिमानही.

इकडे आपल्या बाजूलाही बदल होतच होता. 1814 साली मुंबईत त्रेवंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळावरचं पुस्तक इंग्रजीत छापलं गेलं. मूळ संस्कृत, पण युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेलं, असं शीर्षकातच म्हटलेलं. तरी गावाकडे जुने नियम टिकले. आमचे आबा आजही तेच खेळतात.

आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो, तेव्हा मी घरी असतो. दोन वर्षांपूर्वी आबांना मोबाइलवर माझा एक डाव दाखवला. त्यांनी घोड्यावर बोट ठेवलं. ‘याले जोर कोनाचा हाये रे भाऊ?’ जोर म्हणजे मागचा आधार. मोहरा मेला तर मारणाऱ्याला परत मारणारं कोण आहे, ते. म्हटलं, कोणाचाच नाही, हे बलिदान आहे. आबा म्हणाले, ‘मंग फुकट गेला.’

पुण्याला परत आल्यावर हरलेले डाव इंजिनावर टाकून पाहिले. बहुतेक ठिकाणी घोडा देणं तितकं वाईट नव्हतं. वाईट होतं ते पुढचं: हत्ती अजून कोपऱ्यात, उंट घरात, आणि वजीर एकटाच शह देत फिरतोय. जोर नव्हताच. शिवाय विचारात घालवलेल्या सेकंदांमुळे शेवटी घड्याळावरही मीच हरत होतो.

तेव्हापासून मी दिव्या देशमुखचे डाव पाहतो. नागपूरची ही मुलगी आक्रमक म्हणूनच ओळखली जाते. जुलै 2025 मध्ये बातुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हंपीविरुद्धचे दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले. मग जलद डाव. पहिला बरोबरीत, दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी. वेळेच्या कोंडीत हंपी चुकली आणि 19 वर्षांची दिव्या विश्वचषकासह ग्रँडमास्टर झाली. तो डाव मी चारदा पाहिला. कुठे काही फेकाफेकी नाही. पटावर थोडेच मोहरे उरलेले असताना ती फक्त दबाव सोडत नाही. आक्रमण असंही असतं, हे मला सत्ताविसाव्या वर्षी कळावं!

आता मी बलिदानाआधी एकच पाहतो, हत्ती बाहेर आहे का. कॉक्रेन अजून सोडलेला नाही. रेटिंग 1700 ला टेकलंय, सोमवारी सकाळी ते कधी कधी 1640 असतं.

यंदा एकादशीला आबांशी पटावर बसलो, त्यांच्या नियमांनी. घड्याळ त्यांनी साफ नाकारलं. मी सपाटून मारत गेलो. हत्ती, उंट, शेवटचं प्यादंसुद्धा. त्यांचा राजा एकटा उरला, आणि मी वर पाहिलं तर आबा हसत होते. बाहेर रथाचा गलका वाढला होता.

‘बुर्जी,’ ते म्हणाले. देशी नियमांत समोरच्याचा राजा एकटा उरला की डाव बरोबरीत सुटतो.