मुलामुलींना रायफल शूटिंगला घालताय? रेंज ठरवण्याआधी एवढं बघून घ्या

नांदेड / लातूर : 1 ऑगस्ट 2024 ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रायफल शूटिंगचं कांस्यपदक घेतलं. 1952 साली खाशाबा जाधवांनी कुस्तीत पदक आणलं होतं, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलंच वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्याआधी 2010 मध्ये कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत म्युनिकमध्ये जगज्जेती झाली होती. ही नावं ऐकून आपल्या घरांतलीही मुलं विचारतात, "अब्बा, मी पण शूटिंग शिकू का?" आणि अब्बांच्या मनात एकदम दोन प्रश्न येतात. खर्च किती? आणि बंदुकीचं काम आहे, काही लफडं तर होणार नाही ना?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. स्वप्नीलने पदक घेतलं तो 50 मीटरचा प्रकार. त्यात .22 बोअरची खरी रायफल लागते. तिला 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो आणि तो 21 वर्षांखालच्याला मिळत नाही. लहान खेळाडूंच्या प्रशिक्षणासाठी नियमांत वेगळी सोय आहे, पण तो फार पुढचा टप्पा. तुमचं मूल सुरुवात करणार ती 10 मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तूलने. यात बारूद नसते. दाबलेल्या हवेने 4.5 मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे .177 इंचापर्यंत बोअर आणि 20 ज्यूलपर्यंत ताकद असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. त्यामुळे रेंजवर गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा, की इथे कोणता प्रकार शिकवतात. "सगळं शिकवतो" असं उत्तर आलं तर .22 चे कागद दाखवायला सांगा. संकोच करू नका.

खर्चाचं गणित

पालक महिन्याची फी विचारतात आणि तिथेच थांबतात. खरं तर फी हा खर्चाचा सगळ्यात सोपा भाग. 10 मीटरच्या स्पर्धेत 60 शॉट असतात, त्याआधी सरावाचे वेगळे. म्हणजे एका दिवसाला साधारण 80 छर्रे धरा. डबा 500 चा असतो, तो सहा दिवसांत संपतो. मूल आठवड्याला पाच दिवस गेलं तर महिन्याला तीन-साडेतीन डबे लागतात. हे छर्रे फीमध्ये आहेत की वेगळे, हे विचारल्याशिवाय दोन रेंजची तुलनाच होत नाही. कमी फी सांगणारी रेंज छर्रे, कागदी टार्गेट आणि रायफलचं भाडं वेगळं लावत असेल तर शेवटी तीच महाग पडते.

रायफल लगेच घेऊ नका. जर्मनीच्या वाल्थर किंवा फाइनवेर्कबाऊची स्पर्धेची रायफल दोन लाखांच्या पुढे जाते. वर जाड जॅकेट, पँट, बूट, ग्लोव्ह. पहिलं वर्षभर क्लबच्या रायफलवर भागतं. रेंजकडे चालू स्थितीतल्या रायफली किती, एका बॅचला मुलं किती, आणि डावखुऱ्या मुलासाठी रायफल आहे का, हे मोजून या. चार रायफली आणि सोळा मुलं असतील तर तासाभरात तुमच्या वाट्याला पंधरा मिनिटं. तेवढ्यासाठी अख्खी फी भरायची का, ते तुम्हीच ठरवा.

इलेक्ट्रॉनिक टार्गेट नाही म्हणून एखादी रेंज सोडण्याची गरज नाही. नवख्याला कागद पुरतो, उलट कागदावर आपली चूक हातात घेऊन बघता येते. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो.

आपल्याकडच्या अडचणी

मराठवाड्यात अनेक ठिकाणी शेड पत्र्याची असते. एप्रिल-मेमध्ये दुपारी त्या पत्र्याखाली कॅनव्हासचं जाड जॅकेट घालून सव्वा तास उभं राहायचं म्हणजे काय, हे एकदा दुपारी जाऊनच बघा. कूलर आहे का? लाईट गेली तर टार्गेटवरच्या दिव्यांचं काय? रायफलमध्ये हवा भरायचा सिलिंडर कुठे भरून मिळतो? हवा संपली म्हणून चार दिवस सराव बंद, असं व्हायला नको. रायफलच्या हवेच्या नळीवर तारीख असते. स्पर्धेच्या नियमांत ती दहा वर्षंच चालते. जुनी रायफल स्वस्तात मिळतेय म्हणून घेणाऱ्यांनी ही तारीख आधी वाचावी.

लातूरच्या पोरांचा दिवस ट्यूशनच्या वेळापत्रकावर चालतो, हे सांगायला नको. अकरावीत नीटचे क्लास सुरू झाले की खेळ सुटतो, म्हणून सकाळी लवकरची बॅच असणारी रेंज थोडी महाग असली तरी परवडते. जुम्याच्या दिवशी आणि रमजानमध्ये वेळ बदलून मिळते का, हे प्रवेशाच्या वेळीच बोलून घ्या. बहुतेक कोच ऐकतात, फक्त आधी सांगावं लागतं.

मोठ्या सुविधा लांब आहेत. पुण्याला बालेवाडीत शिवछत्रपती क्रीडा संकुलाची रेंज आहे, मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची. नांदेडकरांना हैदराबाद जवळ वाटतं, पण राज्याची स्पर्धा महाराष्ट्रातूनच खेळायची असते, तेव्हा नोंदणी कुठून करायची हे आधी ठरवा. माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं घराजवळची साधी रेंजच बरी. रोजचा सराव शंभर किलोमीटरवर होत नाही.

सुरक्षितता आणि नोंदणी

एक पूर्ण बॅच मागे बसून बघा. कोचने "स्टॉप" म्हटल्यावर सगळे थांबतात का? टार्गेट आणायला कुणी पुढे जातं तेव्हा सगळ्या रायफली रिकाम्या करून, चेंबरमध्ये नारिंगी सेफ्टी फ्लॅग घालून खाली ठेवलेल्या असतात का? टार्गेटच्या बाजूने कुणी आत येऊ शकेल असा दरवाजा आहे का? यातली एक जरी गोष्ट बिघडलेली दिसली तर फी कितीही कमी असो, उठून या.

छर्रे शिशाचे असतात आणि शिसं लहान मुलांना वाईट. हात धुवायला साबण-पाणी हवंच. रेंजवर बसून बिस्किटं-वडापाव खाणारी मुलं दिसली तर कोच या बाबतीत ढिला आहे असं समजा. शेडमध्ये हवा खेळती हवी आणि फरशी ओल्या फडक्याने पुसलेली बरी. झाडूने धूळ उडते.

नोंदणीचं बघायला लोक विसरतात. क्लब जिल्हा संघटनेमार्फत महाराष्ट्र रायफल असोसिएशनशी जोडलेला नसेल तर मूल कितीही चांगलं खेळो, राज्य स्पर्धेत नाव जात नाही. शालेय स्पर्धा वेगळ्या. त्या जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत होतात आणि नांदेड जिल्हा त्यात लातूर विभागात येतो. त्यातल्या कामगिरीवर दहावी-बारावीला स्तरानुसार जास्तीत जास्त 25 सवलतीचे गुण मिळतात, आणि राज्याच्या सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. कोणत्या स्पर्धेचं प्रमाणपत्र चालतं ते कोचच्या तोंडी शब्दावर न सोडता क्रीडा कार्यालयात विचारा.

मुलींसाठी

हा खेळ मुलींना फार जमतो. अंग झाकलेलं असतं, धक्काबुक्की नाही. हिजाब घालून खेळता येतं; फक्त स्कार्फ घट्ट, जॅकेटच्या आत खोचलेला आणि गाल रायफलला टेकतो तिथे घडी येणार नाही असा बांधावा. मलेशियाची नूर सुरयानी तैबी 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आठव्या महिन्याची गरोदर असताना एअर रायफल खेळली. त्याच ऑलिम्पिकमध्ये कतारचा झेंडा बहिया अल-हमद या एअर रायफल खेळाडूने धरला होता. रेंजवर मुलींसाठी वेगळी चेंजिंग रूम, चालू स्वच्छतागृह आणि संध्याकाळी परतताना रिक्षा मिळेल असा रस्ता आहे का, हे अम्मीने स्वतः जाऊन बघावं.

बॅग आणि मोबाईल

एसटीत किंवा रेल्वेत रायफल नेताना ती नेहमी बंद केसमध्ये, रिकामी. सोबत खरेदीचं बिल, क्लबचं ओळखपत्र आणि स्पर्धेला जात असाल तर प्रवेशपत्र. नाक्यावरच्या हवालदाराला एअरगनचा नियम माहीत असेलच असं नाही; कागद समोर ठेवले की बोलणं पाच मिनिटांत संपतं. मुलाला एकट्याला रायफल घेऊन पाठवू नका. घराच्या गच्चीवर सराव नाही, पाखरांवर नेम तर मुळीच नाही. त्याला 1972 चा वन्यजीव कायदा लागतो.

आणि रायफल हातात घेऊन स्टेटस टाकणं बंद. मुलाला त्यात शान वाटते, बघणाऱ्याला त्यात दुसरंच काही दिसतं, आणि आपल्या मुलांच्या बाबतीत ते जरा लवकर दिसतं. फोटो काढायचाच तर टार्गेटचा कागद आणि मेडलचा काढा.

चौकशीची सुरुवात जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून करा. जाताना मुलाचं आधार कार्ड, जन्मदाखला, शाळेचं बोनाफाईड आणि चार फोटो सोबत ठेवा. फी भरण्याआधी आठवडाभराची ट्रायल मागा, आणि पैसे दिल्यावर पावती.