पदवीधर आणि नोकरीचा त्याग : पुणे, १८७९ ते १८९०

पदवी घेऊन नोकरीस लागलेल्या तरुणाने ती नोकरी मनाजोगी नसल्यास लवकर सोडावी, की काही वर्षे चिकाटीने करावी, हा प्रश्न उपदेशाचा विषय म्हणून नेहमीच चर्चिला जातो. लवकर सोडावी असे म्हणणारे महाराष्ट्रात बहुधा एकाच काळाचा दाखला देतात. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेतील नोकरी सोडली, टिळक आणि आगरकर सरकारी नोकरीच्या वाटेस गेले नाहीत, आणि त्यातून पुण्यातील पुढचे सारे कार्य उभे राहिले, असा हा दाखला आहे. त्यातील घटना खऱ्या आहेत. परंतु त्यांवरून काढला जाणारा निष्कर्ष कितपत टिकतो हे पाहावयाचे तर राजीनाम्याच्या आधी काय होते, राजीनाम्याबरोबर काय हाती राहिले आणि राजीनाम्यानंतर कोणते बंधन पत्करले गेले, या तीन गोष्टी तपासणे अवश्य आहे.

१. एकाच प्रसंगाची दोन उत्तरे

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली आणि १८६२ मध्ये पहिले पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. या पिढीस सरकारी नोकरी ही पदवीची स्वाभाविक परिणती वाटत असे. पदवीधर मोजके होते आणि शिक्षणखाते, न्यायखाते व मुलकी खाते यांस त्यांची गरज होती. रानडे न्यायखात्यात गेले व १८७१ मध्ये पुण्यास सबजज्ज म्हणून आले. भांडारकर शिक्षणखात्यात शिरले आणि १८९३ मध्ये डेक्कन कॉलेजातून निवृत्त झाले.

विष्णुशास्त्री यांचा जन्म १८५० चा, म्हणजे ते दुसऱ्या पिढीतले. डेक्कन कॉलेजातून पदवीधर झाल्यावर तेही सरकारी शाळेत शिक्षक झाले. पुण्यात असताना जानेवारी १८७४ मध्ये त्यांनी 'निबंधमाला' सुरू केली. पुढे त्यांची बदली रत्नागिरीच्या हायस्कुलात झाली. या बदलीच्या मुळाशी मालेतील लेखनाविषयीची वरिष्ठांची नाराजी होती, असे सामान्यतः मानले जाते. १८७९ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उघडले.

ह्याच सुमारास रानड्यांचीही पुण्याहून उचलबांगडी झाली. १८७८ मध्ये त्यांना नाशिकास आणि त्यानंतर धुळ्यास पाठविण्यात आले. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाचा तो काळ होता व पुण्यातील सार्वजनिक चळवळीकडे सरकार संशयाने पाहत होते. रानड्यांनी राजीनामा दिला नाही. बदली स्वीकारून ते काम करीत राहिले, आणि अखेर १८९३ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १९०१ मध्ये ते निधन पावले तेव्हाही ते त्याच पदावर होते. सार्वजनिक सभेचे त्रैमासिक, औद्योगिक परिषदेचे कार्य, अर्थशास्त्रावरील निबंध आणि १९०० मध्ये प्रसिद्ध झालेला मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथ हे सर्व त्यांनी चाकरीत राहूनच केले.

दोन्ही बदल्यांचे स्वरूप सारखे, उत्तरे मात्र परस्परविरोधी, आणि फळ दोन्हींचे मोठे. तेव्हा नोकरी सोडणे वा न सोडणे या कृतीत स्वतंत्रपणे काही गुण आहे, असे या तुलनेवरून म्हणता येत नाही. न्यायाधीशाचे काम संपल्यावर उरलेल्या वेळात अर्थशास्त्र लिहिता येते. सरकारी शाळेत शिक्षक राहून सरकारी शिक्षणाहून वेगळी शाळा काढता येत नाही. विष्णुशास्त्र्यांना जे करावयाचे होते त्याच्याशी त्यांची नोकरी मुळातच विसंगत होती. रानड्यांची अडचण जाच सोसण्याची होती. जाच व विसंगती यांतील हा भेद उपदेश करणाऱ्यांच्या ध्यानी क्वचितच येतो.

२. राजीनाम्यापूर्वीची तयारी

विष्णुशास्त्र्यांच्या राजीनाम्यास धाडसाचे रूप देताना त्यापूर्वीची वर्षे गाळली जातात. निबंधमालेचे एकंदर ८४ अंक निघाले. त्यांपैकी बराच मोठा भाग ते सरकारी नोकरीत असतानाचा आहे. १८७८ मध्ये चित्रशाळेची स्थापना झाली, तेव्हाही ते नोकरीतच होते. म्हणजे राजीनामा देते वेळी त्यांच्यापाशी वाचकवर्ग होता, छपाई व प्रकाशन या व्यवहारांचा परिचय होता आणि महाराष्ट्रभर नाव झाले होते. वडील कृष्णशास्त्री यांच्या विद्वत्तेमुळे चिपळूणकर घराण्यास पुण्यात जी प्रतिष्ठा होती, तीही जमेस धरली पाहिजे. एकोणतिसाव्या वर्षी त्यांनी नोकरी टाकली, ती सहासात वर्षे केल्यानंतर.

टिळकांची गोष्ट निराळी होती. ते १८७६ मध्ये बी. ए. व १८७९ मध्ये एल्एल. बी. झाले. त्यांनी सरकारी नोकरी सोडली नाही, कारण ती धरलीच नव्हती. शाळेच्या पहिल्या वर्षी विष्णुशास्त्र्यांप्रमाणे त्यांनीही वेतन घेतले नाही. परंतु कायद्याची पदवी हाती असल्याने उपजीविकेचा एक मार्ग त्यांना खुला होता.

आगरकरांपाशी यांपैकी काहीच नव्हते. टेंभूसारख्या खेड्यातून आलेला, शिक्षणासाठी अतिशय हाल सोसलेला हा तरुण. मुलगा एम. ए. होऊन मोठ्या पगारावर जाईल आणि घरचे दारिद्र्य फिटेल, अशी आशा आईने धरणे साहजिक होते. पोटापुरत्या प्राप्तीवर संतोष मानून सारा वेळ लोकहितासाठी घालविण्याचा आपला संकल्प त्यांनी तिला पत्राने कळविला. त्यागाचे खरे मोजमाप करावयाचे तर ते येथे करावे लागते. ज्याच्या मागे घर, नाव वा दुसरा व्यवसाय आहे त्याचा त्याग आणि ज्याच्या मागे काहीच नाही त्याचा त्याग, हे एकाच शब्दाने सांगितले जातात. त्यांची किंमत मात्र सारखी नसते, आणि ती एकट्या पदवीधरास द्यावी लागते असेही नाही. आगरकरांच्या बाबतीत तिचा वाटा प्रथम आईने आणि पुढे पत्नीने उचलला.

३. त्यागानंतरचे बंधन

या मंडळींनी नोकरी नाकारून स्वातंत्र्य मिळविले, असे म्हणण्याची रीत आहे. वस्तुतः त्यांनी स्वतःस सरकारी नोकरीहून अधिक कडक बंधनात घालून घेतले. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि जानेवारी १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. सोसायटीच्या आजीव सभासदाने वीस वर्षे सेवा करण्याची प्रतिज्ञा करावयाची, आणि वेतन दरमहा ७५ रुपये. सरकारी नोकरास बढती होती, बदली होती व पाहिजे तेव्हा राजीनामा देण्याची मोकळीक होती. आजीव सभासदास यांपैकी बढतीची आशा नव्हती आणि मध्येच निघून जाणे हा प्रतिज्ञाभंग होता.

गोपाळ कृष्ण गोखले १८८४ मध्ये बी. ए. झाले. पुढील वर्षी ते न्यू इंग्लिश स्कुलात ३५ रुपयांवर शिक्षक म्हणून आले आणि १८८६ मध्ये आजीव सभासद झाले. ज्या थोरल्या बंधूंनी हालअपेष्टा सोसून त्यांना शिकविले, त्यांच्या दृष्टीने हा निर्णय सोपा नव्हता. गोखल्यांनी सुमारे अठरा वर्षे अध्यापन केले आणि १९०२ मध्ये ते कॉलेजातून मोकळे झाले. १९०५ मध्ये त्यांनी भारत सेवक समाज स्थापिला, तेव्हा त्यातही प्रथम पाच वर्षांच्या शिक्षणाची व नंतर आजन्म सेवेची अट घातली. धोंडो केशव कर्वे १८९१ मध्ये गणिताचे अध्यापक म्हणून फर्ग्युसनमध्ये आले आणि १९१४ पर्यंत तेथे राहिले. विधवांचा आश्रम त्यांनी १८९६ मध्ये काढला, तो अध्यापकाची नोकरी चालू असतानाच.

तेव्हा या काळाचे वैशिष्ट्य नोकरी सोडण्यात जेवढे आहे, त्याहून अधिक दीर्घ मुदतीची सेवा निर्माण करण्यात आहे. राजीनामा एका दिवसाचा होता, प्रतिज्ञा वीस वर्षांची होती. आणि शाळा, कॉलेज व त्यांची परंपरा उभी राहिली ती दुसऱ्या गोष्टीमुळे.

४. संस्थापकाचा राजीनामा

ज्यांनी बंधन घातले त्यांनाच ते पेलेना, हे या इतिहासाचे सर्वांत बोधप्रद प्रकरण होय. आजीव सभासदाने बाहेरचे काम करावे की नाही, बाहेरून प्राप्ती करावी की नाही, यावर सोसायटीत कित्येक वर्षे वाद धुमसत होता. टिळकांच्या मते सभासदाने जेसुइट पाद्र्यांप्रमाणे आपला सर्व वेळ व शक्ती संस्थेस वाहिली पाहिजे. प्रतिपक्षाच्या मते नेमलेले काम चोख केल्यावर उरलेल्या वेळाचा मालक सभासद स्वतःच होता. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले तेव्हा हा वाद विकोपास गेला आणि १८९० च्या अखेरीस टिळकांनी सोसायटी सोडली. त्या वेळी त्यांचे वय चौतीस होते आणि शाळा निघाल्यास दहा वर्षे पुरी झाली होती.

याही राजीनाम्यामागे आधार होता. कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी चालविलेला वर्ग आणि लातूर येथील सरकी काढण्याच्या कारखान्यातील भागीदारी यांवर त्यांनी चरितार्थाची व्यवस्था केली. 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे कर्जासह त्यांच्याकडे आली. आगरकरांच्या बाबतीत नेमके उलट घडले. १८८७ मध्ये मतभेदांमुळे त्यांनी केसरीचे संपादकपद सोडले व १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. परंतु सोसायटीतील जागा सोडली नाही. लोकांच्या रोषास पात्र ठरणारे पत्र त्यांना चालविता आले, याचे एक कारण अध्यापकाचे ते अल्प पण नियमित वेतन होय. एकाने अध्यापन सोडून पत्रे ठेवली, दुसऱ्याने पत्र सोडून अध्यापन ठेवले. दोन्ही पाय एकाच वेळी कोणीही उचलले नाहीत.

५. दाखल्याच्या मर्यादा

या उदाहरणांवरून सामान्य नियम काढताना आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. ज्यांचे राजीनामे सफळ झाले त्यांचीच चरित्रे लिहिली जातात. नोकरी टाकून काही काढावयास गेलेले आणि पुढे नाइलाजाने दुसऱ्या चाकरीस लागलेले पदवीधर असणारच. त्यांची पत्रे कोणी जपली नाहीत, त्यांच्या पुण्यतिथ्या होत नाहीत. यशस्वी माणसांच्या चरित्रांवरून राजीनाम्याचे मोल ठरविणे म्हणजे तरून गेलेल्यांनाच विचारून नदीची खोली ठरविणे होय. यशस्वी म्हणून गणलेल्यांचा हिशेबही निर्भेळ नाही. विष्णुशास्त्री राजीनाम्यानंतर तीन वर्षांच्या आत, मार्च १८८२ मध्ये वारले. फर्ग्युसन कॉलेज त्यांनी पाहिले नाही. आगरकर १८९२ मध्ये प्राचार्य झाले आणि १८९५ मध्ये अडतिसाव्या वर्षी गेले.

शिवाय तत्कालीन पदवीधर दुर्मिळ होता. नोकरी सोडली तरी त्याची पदवी बाजारात पडून राहण्याचा संभव कमी होता. ज्या काळी एका जागेस शेकडो पदवीधर अर्ज करतात, त्या काळी तोच राजीनामा अधिक महाग पडतो. म्हणून १८७९ चा दाखला परिस्थितीतून उचलून जसाच्या तसा आजच्या विद्यार्थ्यापुढे ठेवणे ऐतिहासिक दृष्ट्या असमर्थनीय आहे.

तथापि हा इतिहास केवळ निषेधात्मक उत्तर देतो असे नाही. राजीनामा देणाऱ्यांस काय सोडावयाचे आहे यापेक्षा काय धरावयाचे आहे हे अधिक स्पष्ट होते. त्या कामाचा काही भाग त्यांनी नोकरीत असतानाच करून पाहिला होता किंवा चरितार्थाची दुसरी वाट राखली होती. आणि आगरकरांसारख्या ज्याने तसे काही नसताना पाऊल टाकले, त्याने त्याचा बोजा कोणावर पडणार हे आधी घरी कळविले. नोकरी लवकर सोडावी की उशिरा, या प्रश्नाचे उत्तर पुण्याच्या त्या अकरा वर्षांत सापडत नाही. वीस वर्षे बांधून घेण्याजोगे काम पुढे दिसत आहे काय, हा त्या मंडळींनी स्वतःस विचारलेला प्रश्न होता, आणि ज्यांनी त्यास होकार दिला त्यांच्यातही तो सर्वांना शेवटपर्यंत निभावता आला नाही.