बोधिवृक्षाचे तिकीट

वैशाख पौर्णिमा, २४ मे १९५६. २५०० व्या बुद्धजयंतीनिमित्त भारतीय टपाल खात्याने त्या दिवशी दोन तिकिटे काढली. दोन आण्यांच्या तिकिटावर बोधिवृक्ष आहे, चौदा आण्यांच्या तिकिटावर छत्र व बोधिवृक्ष. बुद्धमूर्ती एकावरही नाही. ही उणीव मानू नये. सांची व भारहुत येथील शिल्पकारांनीही तथागतांचे अस्तित्व वृक्ष, छत्र व चक्र यांनीच सूचित केले होते. कालिंगबोधि जातकात भगवंत आनंदाला शारीरिक, पारिभोगिक व उद्देशिक अशी तीन चैत्ये सांगतात आणि आपल्या जीवितकाळी बोधिवृक्षच चैत्य म्हणून योग्य ठरवितात.

त्याच दिवशी मुंबईच्या नरे पार्कवर परमपूज्य बाबासाहेबांनी ऑक्टोबरमध्ये बौद्ध धम्म स्वीकारण्याचा निर्धार जाहीर केला. स्वतः बाबासाहेबांचे पहिले तिकीट मात्र १४ एप्रिल १९६६ रोजी निघाले. त्याचे मूल्य पंधरा पैसे होते.

संग्राहकांच्या बाजारात तिकिटाची किंमत मुख्यतः त्याच्या दुर्मीळतेवर व स्थितीवर ठरते. इतिहासाची कसोटी निराळी आहे. पाकिटावरील टपालाच्या शिक्क्यात गाव व तारीख असते. तिकीट सोडवून घेतले की हा पुरावा नष्ट होतो. धम्मदीक्षेच्या वर्षातील पत्रे आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुन्या पेट्यांत पडून असतील. उपासक-उपासिकांनी तिकिटे न काढता ती पाकिटे पत्रांसह जशीच्या तशी जतन करावीत. आपल्या चळवळीचा इतिहास लिहिताना त्यांची साक्ष लागणार आहे.